सगळे टेन्स पाठ आहेत, पण इंग्लिशमध्ये "हो ना", "मी पण" कसं म्हणायचं?

टेन्सवाली:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला प्रश्न आज विचारतेच.

माझं इंग्लिशचं व्याकरण तसं ठीक आहे. बारा टेन्सचा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन, मेल लिहायला अडचण येत नाही, रिपोर्ट पण लिहिते. अडतं ते गप्पांमध्ये. म्हणजे समोरचा काहीतरी बोलतो आणि मला त्याला फक्त दुजोरा द्यायचा असतो, मराठीत कसं "हो ना", "तेच तर", "अगदी अगदी", "मी पण" असं आपोआप तोंडातून निघतं, पण इंग्लिशमध्ये दर वेळी "येस" नाहीतर "ओके" नाहीतर फार फार तर "यू आर राइट", आणि ते इतकं कोरडं वाटतं की समोरच्याला वाटावं हिला बोलायचंच नाहीये.

आमच्या टीममध्ये वेगवेगळ्या देशांतली माणसं आहेत, दिवसभर चॅट चालू असतं. ते एकमेकांना काय काय म्हणतात ते मी एका फाइलमध्ये उतरवून ठेवते. "यू बेट", "विल डू", "गॉचा", "सो हॅव आय", "आय विल से", "नाऊ यू आर टॉकिंग". आता ही फाइल वाचायला बसलं की निम्म्या गोष्टींचा टेन्सच लागत नाही. "गॉट इट" हा भूतकाळ, पण अर्थ आत्ता कळलं असा. "विल डू" मध्ये कर्ताच गायब. "आय विल से" म्हणजे मी म्हणेन, अरे पण कधी म्हणणार, आत्ताच तर म्हणतोयस ना! आणि परवा एकाने लिहिलं, "आय हॅवन्ट स्लेप्ट प्रॉपरली ऑल वीक", त्यावर दुसरीचं उत्तर "टेल मी अबाउट इट". त्याने पुढे काही सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही, म्हणजे "मला सांग" असा अर्थ नसणार एवढं कळलं, पण मग नेमका काय?

तर मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. एक म्हणजे "सो डू आय", "सो अ‍ॅम आय", "सो हॅव आय", "सो डिड आय" यातलं कुठलं कधी, ते पटकन कसं ठरवायचं. दुसरं हे जे गमतीचे होकार आहेत त्यांच्यात टेन्सचं काही गणित आहे का, की नुसते पाठच करायचे? प्लीज याद्या देऊ नका, याद्या ढिगाने मिळतात, त्यामागचं डोकं कसं चालतं ते हवंय.

---

सहायक क्रियापद:

प्रश्न फार चांगला विचारलात ताई. मी बरीच वर्षं इंग्लिश शिकवते आणि माझं ठाम मत आहे की टेन्स शिकवताना नेमका हाच भाग सुटतो. तक्ता पाठ करून घेतात, रिकाम्या जागा भरून घेतात, पण समोरच्याच्या वाक्यातला टेन्स कानाने उचलून परत त्याच्याकडे टाकायचा सराव कोणी घेत नाही, आणि गप्पांमध्ये तर सगळा खेळ त्याचाच असतो.

आपलं "मी पण" कुठेही चालतं. मी थकलोय, मी पण. मी काल गेलो होतो, मी पण. मी उद्या सुट्टी घेणार, मी पण. त्याला काळाशी काही देणंघेणं नाही. इंग्लिशमध्ये "मी टू" तसंच आहे, समोरच्याचं वाक्य नकारार्थी नसेल तर कुठल्याही काळात बसतं आणि बिनचूक आहे, ते वापरायला अजिबात लाजू नका. पण "सो ... आय" वाल्या होकाराला समोरच्याच्या वाक्यातलं सहायक क्रियापद लागतं, ते तुम्ही शोधायचं नाही, त्याच्याच वाक्यातून उचलायचं. तो म्हणाला "आय अ‍ॅम टायर्ड", उचला अ‍ॅम, "सो अ‍ॅम आय". तो म्हणाला "आय हॅव सीन इट", उचला हॅव, "सो हॅव आय". "आय कॅन वेट", "सो कॅन आय". म्हणजे टेन्स ओळखून मग उत्तर द्यायचं असं दोन पायऱ्यांचं कामच नाही, बारा टेन्सची नावं विसरलात तरी चालेल, फक्त कर्त्याच्या लगेच पुढे काय आलं तिकडे कान ठेवा.

जिथे सहायक क्रियापद दिसत नाही तिथे गडबड होते. "आय लव्ह धिस" मध्ये उचलायला काही नाही, म्हणून तिथे लपलेलं "डू" बाहेर येतं, "सो डू आय". "आय लेफ्ट अर्ली" मध्ये लपलेलं "डिड", "सो डिड आय". हे "डू" आणि "डिड" प्रश्न विचारताना बाहेर येतात तेच, त्यामुळे ज्याला "डिड यू लीव्ह अर्ली" असा प्रश्न करता येतो त्याला होकार पण देता येतो.

आता खरी गंमत "हॅड" ची, इथे चांगले चांगले अडखळतात. "आय हॅड अ कोल्ड" यात हॅड हेच मुख्य क्रियापद, सर्दी झाली होती, त्यामुळे होकार "सो डिड आय". पण "आय हॅड ऑलरेडी लेफ्ट" यात हॅड सहायक, त्यामुळे "सो हॅड आय". आणि बोलताना तर ते "आय हॅड" पूर्ण म्हणतच नाहीत, "आय'ड" म्हणतात, आणि "आय वुड" चं पण "आय'ड" च होतं. मग "आय'ड गॉन होम" ला "सो हॅड आय" आणि "आय'ड लव्ह टू गो होम" ला "सो वुड आय". "ड" च्या पुढे काय आलंय ते ऐकायचं, गॉन, सीन, डन असं तिसरं रूप आलं तर हॅड, साधं रूप आलं तर वुड. याला एकच टपोरा अपवाद, "आय'ड बेटर गो", तिथे ते हॅड असतं.

आणखी एक बारकावा जो पुस्तकात एका ओळीत येतो आणि लोक विसरतात. नुसतं "येस" म्हणून थांबायचं नसेल तर "येस, आय हॅव", "येस, आय अ‍ॅम" असं पूर्ण म्हणायचं, "येस, आय'व्ह" किंवा "येस, आय'म" असं आखडून संपवता येत नाही, कारण वाक्याच्या शेवटी जोर त्याच शब्दावर येतो. नकारात मात्र आखडतं, "नो, आय हॅवन्ट" एकदम ठीक.

आणि हे माझं सगळ्यात लाडकं. "सो डिड आय" आणि "सो आय डिड", शब्द तेच, क्रम बदलला आणि अर्थ पार बदलला. कोणी म्हणालं "आय फरगॉट द पासवर्ड", तुम्ही "सो डिड आय", म्हणजे मी पण विसरले. पण कोणी म्हणालं "यू फरगॉट द अटॅचमेंट" आणि तुम्ही बघितलं तर खरंच राहिलंय, तेव्हा "ओह, सो आय डिड!" म्हणजे अय्या, खरंच की! आपला हा जो "खरंच की" आहे ना, आश्चर्य आणि होकार एकत्र, त्याला इंग्लिशमध्ये याच्याइतकं चपखल दुसरं काही मला तरी माहीत नाही. "इट्स ऑलरेडी सिक्स", "सो इट इज!" वापरून बघा, समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं की ही माणूस भाषेत रमलीये.

---

उलटा होकार:

वरच्या ताईंनी छान सांगितलंय पण एक गोष्ट मला जोडायचीच आहे कारण आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गफलत तिथे होते आणि त्यातून खरोखर कामं बिघडतात.

प्रश्न नकारार्थी असला की आपला होकार आणि त्यांचा होकार एकमेकांच्या विरुद्ध जातात. "तू फाइल पाठवली नाहीस?" याला मराठीत आपण म्हणतो "हो, नाही पाठवली". आपलं "हो" समोरच्याच्या म्हणण्याला असतं, तू म्हणतोयस ते बरोबर आहे. इंग्लिशमध्ये येस आणि नो समोरच्याच्या म्हणण्याला नसतात, ते पुढच्या क्रियापदाला असतात. त्यामुळे "यू हॅवन्ट सेंट द फाइल?" याला पाठवली नसेल तर "नो, आय हॅवन्ट". पाठवली असेल तर "येस, आय हॅव". आपण तिथे नुसतं "येस" लिहून मोकळे होतो, आपल्या मनात "हो, नाही पाठवली" आणि त्याने वाचलं पाठवली, मग तो फाइल शोधत बसतो.

यावर मी स्वतः पाळतो तो नियम असा, नकारार्थी प्रश्नाला नुसतं येस किंवा नो कधीच लिहायचं नाही, सोबत क्रियापद लिहायचंच. "नॉट येट" हे तर सगळ्यात सुरक्षित, येस नाही नो नाही, वाद मिटला.

तसंच दुजोऱ्याचं. "आय डोन्ट लाइक इट" याला "मी टू" म्हणायचं नाही, "मी नायदर" किंवा "नायदर डू आय". आणि "डू यू माइंड इफ आय जॉइन?" याला परवानगी द्यायची असेल तर उत्तर नकारार्थी, "नॉट अ‍ॅट ऑल", कारण प्रश्न आहे तुम्हाला त्रास होईल का. बोलताना लोक "शुअर" म्हणतात आणि सुराने समजतं, पण लिहिताना "येस" लिहू नका, वाचणारा बिचारा दाराशीच थांबेल.

---

हॅमवाला:

मी हॅम रेडिओवाला, म्हणजे हौस म्हणून रेडिओवर बोलणारा माणूस, मला या धाग्यात एका वेगळ्याच बाजूने शिरायचंय कारण टेन्स आणि होकार यांचं नातं रेडिओवर जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठेच नाही.

सिनेमात सगळे "रॉजर" म्हणतात आणि लोकांना वाटतं त्याचा अर्थ "हो". तसा तो नाहीये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन रेडिओवर अक्षरं सांगताना आर या अक्षराला रॉजर म्हणायचे, आणि आर म्हणजे रिसीव्ह्ड, संदेश मिळाला. पुढे १९५६ मध्ये नवी नाटो अक्षरमाला आली, आर चा रोमिओ झाला, पण रॉजर मिळाल्याची पोच म्हणून तसाच राहिला. विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रॉजरचा अर्थ एवढाच दिलाय की तुमचा शेवटचा संदेश मला पूर्ण मिळालेला आहे. मिळालेला आहे, म्हणजे चक्क प्रेझेंट परफेक्ट. त्यात मी ऐकेन, करेन, पटलं, यातलं काहीही नाही.

करणार असाल तर "विल्को", म्हणजे "विल कम्प्लाय", समजलं आणि तसं करतो. हा झाला भविष्यकाळ. आणि विचारलेल्या प्रश्नाला "हो" म्हणायचं तर पायलट "अफर्म" म्हणतात. म्हणजे बघा, आपण एका "हो" मध्ये ज्या तीन गोष्टी कोंबतो, ऐकलं, करतो आणि होय, त्या तिथे मुद्दाम वेगळ्या काढल्यात, कारण त्यांची सरमिसळ झाली तर जिवावर बेतू शकतं. कंट्रोलरने विचारलं धावपट्टी दिसते का आणि पायलट म्हणाला रॉजर, तर दिसते की नाही ते कळलंच नाही ना! म्हणून हो-नाहीच्या प्रश्नाला रॉजर चालत नाही. आणि "रॉजर विल्को" असं जोडून म्हणायची गरज नसते कारण विल्को मध्ये मिळालं हे आलंच. (जाता जाता, "ओव्हर अँड आउट" पण तसंच चुकीचं, ओव्हर म्हणजे तू बोल, आउट म्हणजे संपलं, दोन्ही एकदम कसं होईल.)

जहाजांवरचं "आय आय" (हा "मी" वाला आय नाही, "हो" वाला) पण याच जातीचं. एकदा "आय" म्हणजे नुसतं हो. दोनदा म्हटलं की हुकूम समजला आणि पाळतो. अमेरिकेत पोलिसांच्या रेडिओवरचं "टेन फोर" म्हणजे संदेश पोचला, ते १९७० च्या दशकात ट्रकवाल्यांच्या सीबी रेडिओमुळे (सामान्य लोकांना वापरता येणारा जवळच्या अंतराचा रेडिओ) घराघरात गेलं आणि आता लोक गंमत म्हणून चॅटवर लिहितात.

मुद्दा काय, तुमच्या फाइलमधले सगळे होकार तुम्ही या एका चाळणीतून काढा. हा होकार "ऐकलं, समजलं" असा आहे, की "करतो" असा आहे, की "माझंही तेच" असा? ऐकलंवाले बहुतेक भूतकाळी रूपात सापडतील, करतोवाले भविष्यात आणि माझंही तेचवाले समोरच्याच्या काळात. मला तर हे बघून फार आनंद होतो, कोणी बसून ठरवलं नसतानाही चॅटवरच्या गप्पा रेडिओच्याच शिस्तीने चालतात.

---

टेन्सवाली:

बापरे, केवढं दिलंत तुम्ही सगळ्यांनी! हॅमवाले दादा, तुमची चाळणी लगेच लावून बघितली. गॉट इट, गॉचा, नोटेड, अंडरस्टुड, अग्रीड, डन, हे सगळे खरंच एका बाजूला गेले. विल डू दुसऱ्या बाजूला. पण यू बेट, आय विल से, टेल मी अबाउट इट, नाऊ यू आर टॉकिंग हे कशातच बसेनात.

आणि अजून एक, "गॉट इट" भूतकाळ का ते अजून पुरतं पटलं नाही. कळलं तर आत्ता आहे ना?

---

कानसेन:

"गॉट इट" चं उत्तर तुमच्या स्वतःच्याच वाक्यात आहे बघा! तुम्ही लिहिलंत "कळलं तर आत्ता आहे". "कळतं" नाही लिहिलंत, "कळलं" लिहिलंत. मराठीत पण समजलं, पटलं, ठरलं, झालं, हे सगळे होकार भूतकाळी रूपातच असतात आणि अर्थ आत्ताचाच. क्रिया एका क्षणात पुरी झाली, फळ हातात आहे. इंग्लिशमध्ये मूळ "आय हॅव गॉट इट", बोलण्याच्या घाईत आय हॅव गळून पडलं. गॉचा पण तसंच, "आय हॅव गॉट यू". म्हणजे ते आतून प्रेझेंट परफेक्टच आहे, वरचं कवच तेवढं गेलंय. "डिटो" ची गंमत तर याहून भारी, तो इटालियनमधून आलेला शब्द, अर्थ "म्हटलेलं", सतराव्या शतकात हिशेबाच्या कागदांवर तोच महिना परत परत लिहायचा कंटाळा म्हणून वापरायला लागले आणि आज आपण सहमती म्हणून वापरतो. म्हणजे तिथेही भूतकाळी रूपच!

"विल डू" म्हणजे आपलं "करते". कर्ता आपणही खातो. पण जपून, ते फक्त कोणी काम सांगितलं तरच. "प्लीज चेक धिस", "विल डू", मस्त. "विल यू बी देअर?" याला "विल डू" म्हटलं तर कानाला खटकतं, तिथे "आय विल" किंवा "आय'ल बी देअर".

आता जे चाळणीत बसत नाहीत ते. माझ्या मते ते होकार गोठलेले आहेत, आत टेन्स आहे पण तो हलत नाही. "टेल मी अबाउट इट" म्हणजे "मला सांगतोस होय! मी तेच भोगतोय". आज्ञार्थ आहे पण आज्ञा नाही, आपण नाही का म्हणत "सांगू नकोस बाई", तोच सूर, गंमत म्हणजे ते "सांग" म्हणतात आणि आपण "सांगू नको" म्हणतो आणि दोघांनाही म्हणायचं एकच. हे फक्त तक्रारीला लागतं हे लक्षात ठेवा. कोणी म्हणालं मला बढती मिळाली आणि तुम्ही "टेल मी अबाउट इट" म्हटलंत तर तो सविस्तर सांगायला लागेल, कारण तिथे अर्थ सरळच होतो.

"यू बेट" म्हणजे "लाव पैज!", एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन बोलणं, खुशाल पैज लाव इतकी ती गोष्ट खरी आहे. त्याचं "यू बेटेड" वगैरे कधी होत नाही. कोणी आभार मानले तरी अमेरिकन माणूस "यू बेट" म्हणतो, तेव्हा ते "त्यात काय एवढं" होतं. "आय'ल से" म्हणजे "मग काय तर!", जरा जुन्या वळणाचं आहे, वयस्कर माणसांकडून जास्त ऐकाल. आणि याच्यासारखं दिसणारं "यू डोन्ट से" मात्र होकार नाही, ते "काय सांगतोस!" आहे, कधी कधी टोमणा पण असतो, सांभाळून.

"नाऊ यू आर टॉकिंग" मध्ये मात्र टेन्स जिवंत आहे असं मला वाटतं. समोरचा तीन सूचना देतो, तुम्हाला पटत नाहीत, चौथी पटते, तेव्हा "आत्ता कसं बोललास!". चालू काळ आहे कारण मघापासून नव्हतं आणि आत्ता सुरू झालंय, हा बदल त्या आयएनजी मध्ये आहे. म्हणून पहिल्याच वाक्याला हे म्हणता येत नाही, आधी काहीतरी न पटलेलं असावं लागतं.

आणि तुमच्या फाइलमध्ये नाही असं एक माझ्याकडून घ्या, "आय वॉज जस्ट गोइंग टू से दॅट". मी हेच म्हणणार होते. म्हणणार आणि होते, भविष्य आणि भूत एकाच वाक्यात, आणि शब्दाला शब्द जुळतो. मराठी माणसाला हे न शिकवता येतं, आणि नुसत्या "यू आर राइट" पेक्षा शंभरपट आपुलकीचं वाटतं कारण तू बरोबर आहेस असा निकाल न देता आपण दोघं एकाच विचारावर होतो असं त्यातून पोचतं. माझं तर म्हणणं आहे "यू आर राइट" जरा कमीच करा, त्यात आपण परीक्षक होतो.

---

ओकी डोकी:

सगळे एवढं मनापासून लिहितायत तर ओके ची बाजू मी घेतो, बिचाऱ्याला ताईंनी कोरडं म्हटलंय.

ओके चा जन्मच गमतीत झालाय. १८३० च्या दशकात बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची टूम होती. "ऑल करेक्ट" चं मुद्दाम "ओल कोरेक्ट" केलं आणि त्याचं ओके, बोस्टन मॉर्निंग पोस्ट, २३ मार्च १८३९. त्या काळातली बाकीची अशी रूपं विरून गेली, हे टिकलं, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी त्यांच्या "ओल्ड किंडरहूक" या टोपणनावासाठी तीच अक्षरं उचलली. हा सगळा माग अ‍ॅलन वॉकर रीड या अभ्यासकाने १९६० च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं चाळून काढला. नंतर १९३० च्या दशकात त्याला यमक जोडून "ओकी डोकी" आलं. त्यामुळे ओके मुळात खेळकरच आहे, आपण ते एकटं टाकतो म्हणून कोरडं वाटतं. चॅटवर नुसतं "ओके." पूर्णविरामासकट लिहिलं तर रागावल्यासारखं दिसतं, "ओके, विल डू" लिहिलं की ऊब आली, आणि नुसतं एक "के" तर शक्यतो कोणालाच पाठवू नका.

नव्या पिढीचं "बेट" हे "यू बेट" मधलं यू गाळून झालंय असं बऱ्याच जणांना वाटतं पण वापर वेगळा आहे, ते "ठरलं", "चालतंय की" असं. "सेव्हनला भेटू?" "बेट." "से लेस" म्हणजे पुढे सांगायची गरजच नाही, समजलं, आलो. हे दोन्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीतून सगळीकडे पसरलेत, मित्रांत खुशाल वापरा, पण नव्या क्लायंटला "बेट" पाठवू नका, त्याला कळेलच असं नाही. "आय'म डाउन" आणि "आय'म अप फॉर इट" दोन्हींचा अर्थ "मी तयार आहे" च, खाली आणि वर एकच, हे मला अजूनही भारी वाटतं.

आणि कोणी भाषण ठोकल्यासारखा छान मुद्दा मांडला तर "हिअर हिअर". हे ब्रिटिश संसदेतलं, सतराव्या शतकाच्या शेवटाकडे सभासद "हिअर हिम" म्हणजे याचं ऐका असं ओरडायचे, त्याचं आखडून हे झालं. त्यामुळे स्पेलिंग ऐकणे-वाल्या हिअर चं करा, इथे-वाल्याचं नाही, चॅटवर हे हमखास चुकलेलं दिसतं.

---

टेन्सवाली:

आता फाइलच नव्याने लिहायला घेते. शेवटचं एकच विचारते, मी "आय हॅव सेंट इट यस्टरडे" असं लिहिते, आमची एक सहकारी उत्तरात "ग्रेट, सो यू सेंट इट यस्टरडे" असं म्हणते, म्हणजे ती हळूच सुधारतेय का? आणि टीममधले काही जण "डिड यू ईट येट" म्हणतात काही "हॅव यू ईटन येट", मग होकार कशात द्यायचा?

---

सहायक क्रियापद:

हो, सुधारतेय, आणि प्रेमाने सुधारतेय. मराठीत "काल पाठवलंय" बिनधास्त चालतं, "पाठवलंय" म्हणजे जवळजवळ परफेक्टच, म्हणून आपल्या हातून ते "हॅव सेंट यस्टरडे" होतं. इंग्लिशमध्ये काल, परवा, दोन वाजता असं संपलेल्या वेळेचं नाव घेतलं की हॅव जातं, "आय सेंट इट यस्टरडे". वेळ सांगायची नसेल तर "आय हॅव सेंट इट".

दुसऱ्याचं सोपं आहे. येट, जस्ट, ऑलरेडी यांच्यासोबत अमेरिकन लोक बोलताना सर्रास साधा भूतकाळ वापरतात, ब्रिटिश लोकांचा ओढा हॅव कडे. तुम्हाला बाजू निवडायची गरजच नाही. "डिड यू" आलं तर "येस, आय डिड", "हॅव यू" आलं तर "येस, आय हॅव", आणि पाठोपाठ तिसरा कोणी "आय हॅवन्ट" म्हणाला आणि तुमचंही व्हायचं असेल तर "नायदर हॅव आय". उद्या चॅटवर पहिला जो टेन्स दिसेल तो उचलून उत्तर द्या आणि इथे येऊन सांगा काय झालं ते.

---

टेन्सवाली:

विल डू!